आईला न चालणाऱ्या वस्तू

मुलीने उजव्या मनगटावर सीरमच्या एका बाटलीतला थेंब घेतला, डाव्यावर दुसरीतला, आणि दोन्ही हात काउंटरवरच्या दिव्याखाली धरले.

“हे चिकट आहे,” ती म्हणाली. “आणि हे झोंबतंय.”

“झोंबणारच. व्हिटॅमिन सी जास्त आहे त्यात,” विक्रेती म्हणाली. “उजळपणा लवकर हवा असेल तर हेच घ्या. लावायचं कुणाला आहे?”

“आईला. तिच्या गालांवर वांग आलेत.”

आईने मान डोलावली. खोटं काही नव्हतं. वांग कित्येक वर्षांपासून होते आणि तिने त्यांची कधी पर्वा केली नव्हती.

“मग काकूंच्या हातावर लावून बघा ना.”

“माझ्यावर बघितलं तरी तेच. रंगसुद्धा मी हिचाच उचललाय.”

हे ती इतक्या सहज बोलली की आईला समोरच्या आरशात बघवेना. गेल्या आठवड्यात आईची थोरली बहीण घरी आली होती. चहा पिता पिता म्हणाली, “पोरगी नाकीडोळी नीटस आहे गं, रंगात तेवढा मार खाल्ला.” याच बहिणीचे टोमणे खात आई लहानाची मोठी झाली होती. लेकीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, अशी खूणगाठ तिने कधीच बांधली होती. आणि ऐन वेळी ती काय बोलली? काही नाही. बहिणीच्या हसण्यात हसू मिसळून मोकळी झाली. मुलगी आतल्या खोलीत होती. मधलं दार लावलेलं होतं की नाही, हे काही केल्या तिला आठवत नव्हतं.

बेत सोपा होता. सीरम स्वतःसाठी म्हणून घ्यायचं, चार दिवस कपाटात ठेवायचं आणि मग म्हणायचं, मला नाही गं चालत, फुकट कशाला घालवायचं, तू संपव. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. यातला साप नेमका कोण, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

“ते झोंबणारंच घे,” आई म्हणाली. “लवकर फरक पडेल.”

“नको. सौम्य घेऊ.”

“अगं, मला नाही झोंबत काही.”

मुलीने डावं मनगट पुसलं, तर तिथे लाल चट्टा उठला होता. तो बघून आईने मुकाट्याने सौम्य बाटली बांधायला सांगितली.

रस्त्यावर आल्यावर मुलगी म्हणाली, “तुला सगळं न चालणारंच कसं मिळतं गं? तो फेसवॉश, मग ते क्रीम. दोन्ही मीच संपवलं.”

“वयाने त्वचा नाजूक होते.”

“म्हणून तर सौम्य घेतलं. शेवटी मलाच लावायचंय.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर आईला बरं वाटलं असतं. “मावशी आली तेव्हा दार उघडंच होतं, आई.”

आईचे पाय जागीच थांबले. तिने पिशवीतून खोका काढला, बाटलीचं सील नखाने फोडलं आणि भर रस्त्यात तळहातावर सीरम ओतून दोन्ही गालांना फासलं. येणारेजाणारे वळून बघत होते.

“मला चालेल हे,” ती म्हणाली.

“बघू.”

आईच्या हनुवटीपर्यंत ओघळलेला थेंब मुलीने बोटाने टिपून तिच्याच गालावर जिरवला. बोटाला थोडं उरलं होतं. ते तिने रुमालाला पुसून टाकलं.