डोक्यातली वजाबाकी

आमच्या बानी गावात लहानपणी भागाकारातली वजाबाकी कुणी लिहून दाखवत नसे. संख्येच्या उजवीकडे कोपरा आखून त्यात भाजक बसवायचा, बाकी सगळं डोक्यात उरकायचं आणि खाली फक्त उत्तर मांडायचं. जो सगळं लिहून काढी, त्याला आम्ही खुशाल ढ म्हणायचो. मी ढ नव्हते. पण शाळा अर्धवट सुटली, आणि आता सेहेचाळिसाव्या वर्षी रविवारच्या शाळेत बसून बीजगणितात दोनदा आपटले.

घरची मास्तरीण माझीच लेक, युलेइसी. राजधानीतल्या विद्यापीठात तिला जागा मिळाली होती, पण बाईसाहेब हटून बसल्या होत्या. मी पास झाल्याशिवाय घर सोडणार नाही म्हणे! आणि जागा काही वर्षभर तिची वाट बघणार नव्हती.

"मी काय कुकुलं बाळ आहे का गं?" मी केळ्याचे काप तळता तळता विचारलं.

"बाळ परवडलं. चिन्हं बदल आणि खाली लिही, आई."

"डोक्यात केलंय."

"तुझ्या डोक्यात आधीच गर्दी आहे. आणि हे बघ, इथे एक्सचा घन आहे, नुसता एक्स आहे, मधला वर्ग नाहीये. त्याची जागा रिकामी सोड. शून्य लिही."

"नाही त्याला जागा कशाला? जेवायला न येणाऱ्याचं ताट कोण मांडतं?"

"तू मांडतेस. रोलांडोमामा टपकेल म्हणून, रोज."

कार्टी बापावर गेलीय. काप मात्र करपले, ते तिलाच वाढले.

परीक्षेत नेमकं तेच आलं. एक्सचा घन, उणे सात एक्स, अधिक सहा. भागिले एक्स उणे दोन. बाकी काही उरत नाही हे दाखवा. मी शून्यबिन्य न लिहिता सवयीने डोक्यात सुरू केलं आणि भराभर शेवटाला पोचले. बाकी आली उणे सोळा!

बाकी उरायला नको होती. म्हणजे चिन्ह कुठेतरी घसरलं होतं, आणि कुठे तेही मला दिसत होतं. पण मी पेन खाली ठेवलं. एवढं असंच राहू दिलं तर मी नापास. मी नापास, तर पोरगी घरीच. सकाळी माझ्याशी भांडायला, माझं ताट ओढून घ्यायला, दिवसभर आई आई करायला घरीच. फार बरं वाटलं त्या विचाराने, खोटं कशाला बोलू. मग माझाच मला राग आला.

सगळं खोडलं. नसलेल्या वर्गाच्या जागी शून्य मांडलं आणि एकेक चिन्ह बदलत अगदी ढ पोरासारखं ओळीखाली ओळ लिहीत गेले. शेवटी खाली काहीच उरलं नाही.

डोळे मात्र भरून आले. परीक्षेवर देखरेख करणारे एलादिओ सर धावत बाकापाशी आले. "काय झालं, देयानिराबाई? जमत नाहीये का?"

"जमलं हो सर," मी नाक पुसत म्हटलं, "म्हणून तर रडतेय."