सोमारीच्या डोंग्यातली बैठक

मित्रांनो, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, हे तर नुसतं कोरलेलं लाकूड आहे. बरोबर आहे. मी जुना डोंगा आहे, आणि डोंगा म्हणजे कोरलेलं लाकूडच. फरक एवढाच की माझ्यात माणसं बसतात, आणि बसली की मुद्द्याचं बोलतात. भर पाण्यातून उठून जायची सोय नसते.

मी मोहाच्या खोडाचा. त्यामुळे मला जरा गुंगीची सवय आहे. धुकं उतरलं की वाटतं, आपण अजून झाडच आहोत, फुलं टपटपताहेत आणि खाली अस्वल आलं आहे. मग कोणीतरी पाण्यात जाळं टाकतं आणि मी पुन्हा डोंगा होतो.

लटारू ढिवराने मला वासल्याने कोरलं. अख्खा उन्हाळा लागला. तलाव धानोऱ्याच्या अलीकडचा, एकच. पण गावं दोन. एका काठाला सावरटोला, दुसऱ्या काठाला कोसमहेटी. मी दोन्हीकडचा. मी जाळी वाहिली, शिंगाडे वाहिले, एकदा एक बाळंतीण आणली, एकदा एक बकरी, जी वाटभर पाण्यातल्या बकरीशी भांडत होती. नागपूरच्या एका पाहुण्याने माझा फोटो काढला आणि म्हणाला, ही परंपरा आहे. परंपरेच्या बुडाला तडा गेला होता, तो फोटोत आला नाही.

लटारू गेला, आणि मी कोसमहेटीत त्याच्या लेकीकडे, सोमारीकडे राहिलो. ती माझ्यात उभी राहून बांबू रेटायची. आमचे दिवस बरे चालले होते. मग सोमारीने ग्रामसभेत एक प्रश्न विचारला. पाळीवरची मोठी झाडं कोणी विकली?

कोसमहेटीच्या सरपंच नीलाबाई. सही त्यांची, तोंड त्यांच्या नवऱ्याचं. हे नवरे म्हणजे नानाजी भाऊ. त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सोमारीशी गावात कोणी बोलेना. कायद्याने असा बहिष्कार टाकता येत नाही, म्हणून तो तोंडी टाकला होता. जो तिच्याशी बोलेल त्याने गावाला जेवण घालायचं, असा नियम. मासे धरायलाही मनाई. सोमारी घरात आणि मी पाळीवर पालथा, अशी दोन वर्षं गेली. उन्हाने माझा तडा वाढला. पालथ्या माणसाला स्वप्नं पडतात तशी मलाही पडत. त्यांत तलाव माझ्या पोटात असायचा आणि मी कोरडा.

याच सुमारास सावरटोल्यात कुंताबाई सरपंच झाल्या. नऊ मतांनी. गावात कोसमहेटी माहेर असलेल्या एकोणीस सुना, आणि मत कोणाला द्यायचं, याचा नानाजी भाऊंचा निरोप माहेरून आलेला. हे गणित कुंताबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नानाजी भाऊ ते तरीही दर आठवड्याला सांगत.

तालुक्याचे साहेब येऊन सल्ला देऊन गेले, "त्या नानाजीपासून दूर राहा, पण संबंध बिघडू देऊ नका." हे कसं करायचं, ते सांगायला ते थांबले नाहीत. गाडी चालू होती.

पाऊस लवकर निघून गेला. सावरटोल्याचं धान गर्भात आलं होतं. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही, तर लोंब्या पोचट निघणार होत्या आणि गाव वर्षभर विकतचा तांदूळ खाणार होतं. तलावात पाणी होतं, पण ते सोडायचं तोंड, म्हणजे तुडूम, कोसमहेटीच्या हद्दीत. नानाजी भाऊंच्या हुकमाशिवाय ते उघडत नसे. कुंताबाई त्यांच्या घरी गेल्या असत्या तर तालुकाभर झालं असतं, आणि ते यांच्या घरी आले असते तर जिल्हाभर. म्हणून बाईंनी निरोप धाडला: पहाटे तलावाच्या मधोमध बोलू. ना तुमचं गाव, ना माझं.

पहाटे धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, हे मलाही कळेना. दोन वर्षांनी पोटाला पाणी लागलं होतं. मी अर्धा झोपेत. कुंताबाई आधीच येऊन माझ्यात बसल्या होत्या. नानाजी भाऊंनी काठावरून माझ्यात पाय टाकला, बसले, आणि मग बांबू धरून उभ्या असलेल्या बाईकडे त्यांचं लक्ष गेलं.

"हे कोन होय?" त्यांनी कुंताबाईंना विचारलं.

"कोन जी? मले तं डोंगा दिसून राह्यला. बाकीचे डोंगे जाळ्यावर गेले."

नानाजी भाऊंनी विचार केला. गावाच्या लेखी जी बाई नाहीच, तिच्या डोंग्यात बसायला हरकत कसली? ते बसून राहिले. सोमारीने बांबू रेटला. ती कोणाकडेच बघत नव्हती.

"पानी देतो न मी, काऊन नाई देनार?" नानाजी भाऊ म्हणाले. "आपलेच मानसं होत. फक्त आमच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाच्या उद्घाटक तुमी. पॉम्प्लेटवर माह्या बाजूले तुमचा फोटो."

"फोटो राहू द्या जी. नाव टाका."

"उद्घाटक?"

"विशेष अतिथी."

"सहउद्घाटक तरी व्हा, बाई. एकोनीस सुना होत्या."

"विशेष अतिथी, बारीक अक्षरात. साहेबायले चष्मा हाये, पन ते घरी इसरून येतेत."

बोलणी इथवर आली तेव्हा पाणी नानाजी भाऊंच्या पांढऱ्या पायजम्यापर्यंत आलं होतं. माझा तडा. मित्रांनो, मी मुद्दाम काही केलं नाही. गुंगीत असलो की मी गळतो.

"बाई, तिले सांगा, पानी शिरून राह्यलं."

"कोनाले सांगू?"

"तिले!"

"नाव घ्या न जी. मले समजून नाई राह्यलं."

सोमारी बांबू धरून शांत उभी. पाणी उपसायचा डबा कुंताबाईंच्या पायाखाली, लुगड्याच्या घोळात. तो तिथे कसा गेला, हे मी सांगू शकत नाही. पाणी घोट्याच्या वर चढलं. नानाजी भाऊ अर्धवट उठले, मी डावीकडे कललो, आणि धुकं फाटेल असा आवाज आला.

"सोमारेऽऽ! डबा दे न वं! बुडून राह्यलो!"

पाण्यावरून आवाज लांब जातो. पहाटेची वेळ, पाळीवर परसाकडचे डबे घेऊन बसलेली सात माणसं. धुक्यातून त्यांतल्या कोलूचा आवाज आला, "भाऊ बोल्ला! सोमारीसंग बोल्ला! जेवन भाऊकडं!"

दोन वर्षांनी सोमारी त्यांना म्हणाली, "डबा बाईच्या पायाखाली हाये, भाऊ. हालू नका. बसून राहा."

नानाजी भाऊ बसले. चेहरा असा, की आता तुडुमाचं तोंड जन्मात उघडणार नाही. कुंताबाई पाणी उपसत राहिल्या. पाच-सहा डबे झाल्यावर हळूच म्हणाल्या, "भाऊ, जेवन मंडईच्या दिवशीच ठेवा. लोक म्हनतीन, नाटकाचं जेवन हाये."

नानाजी भाऊंनी पायजम्याचं टोक पिळलं.

"अन् पॉम्प्लेट?" नानाजी भाऊंनी विचारलं.

"तुडूम कधी खोलता?"

"आज."

"तं मंग सहउद्घाटक."

त्या दुपारी पाणी सुटलं. धान भरलं. पुढे साहेबांनी पॉम्प्लेट नाकाशी धरून विचारलं, हे काय? बाईंनी सांगितलं, सहउद्घाटक अकरा हायेत जी, मी नववी. झाडं कोणी विकली, याचं उत्तर अजून आलेलं नाही. सोमारी पुढच्या ग्रामसभेत पुन्हा विचारणार आहे. कुंताबाई त्या दिवशी बाहेरगावी असतील, असं दिसतं.

बहिष्कार उठल्याचं कोणी जाहीर केलं नाही, कारण तो टाकल्याचंही कोणी जाहीर केलं नव्हतं. माझा तडा सोमारीने डांबराने भरला. आम्ही पहिल्यांदा जाळं घेऊन निघालो, तेव्हा घाटावर सरपंच नीलाबाई कपडे धूत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय भाजी केली वं, सोमारे?"

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कोणाशी कोणी बोलत नसेल, तर सभा घेऊ नका, ठराव करू नका. एवढंच विचारा. उत्तराला वेळ लागला तर थांबा. सोमारीला लागला. तिने बांबू चिखलात रोवला, मला जागीच धरलं, आणि धुकं सरेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली,

"अजून नाई केली, बाई. तुमीच सांगा, काय करू?"