तिसरी नळी

हिरड्या दुखतात म्हणून येणाऱ्यांना मी एकच सांगते: दात नीट घासा, बाकी माझ्यावर सोडा. लोक सोडतातही. फक्त आमच्या आईने कधी सोडलं नाही.

आई माझ्याकडेच राहते. तिच्या हिरड्या मी कित्येक वर्षं स्वतःच्या हाताने साफ करते, तरीही तिचे खालचे पुढचे दात हलायला लागले. हिरडी दातापासून सुटली की मध्ये फट पडते, तिला आम्ही पॉकेट म्हणतो. आईचं पॉकेट इतकं खोल होतं की मापाची सळई निम्मी आत जायची. हाड आणखी झिजलं असतं तर दात काढावेच लागले असते. मी पुन्हा खोलवर सफाई केली. चूळ भरून आई म्हणाली, "धाकटीला एकदा विचारून बघ ना."

धाकटी म्हणजे माझी बहीण. विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करते. माणसाला दाढा किती असतात हे तिला बोटांवर मोजावं लागेल, पण आईच्या लेखी ती म्हणेल ती पूर्व दिशा. तिच्या जन्मानंतर आई अंथरुणाला खिळली, म्हणून ही शाळेच्या वयापर्यंत मावशीकडे वाढली. परत आली ती पाहुणीसारखी, आणि अजून पाहुणीच आहे. दुधावरची साय तिला, खिडकीजवळची जागा तिला, कौतुक तिला. मी रोज समोर असते ना. पिकतं तिथे विकत नाही.

फोनवर ती म्हणाली, हर्पीसच्या कुळातला विषाणू असेल. शेजारी बसलेल्या आईच्या भुवया कपाळात गेल्या; हर्पीस म्हणजे नको तिथला रोग, एवढंच तिला ठाऊक. मग धाकटीने समजावलं की हे कूळ मोठं आहे. कांजिण्यांचा विषाणू याच घराण्यातला. काही जण लहानपणी अंगात शिरतात आणि जन्मभर निजून राहतात. शरीर खचलं की जागे होतात, हिरडीतल्या पहारेकरी पेशी लुळ्या करतात आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. सगळं सिद्ध झालेलं नाही, पण आईची केस तपासण्यासारखी आहे, म्हणाली. केस! दात माझ्या हाताखालचे, आणि केस तिची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने दोन नमुने मागितले, एक खोल पॉकेटमधला आणि एक आईच्याच धडधाकट दाताजवळचा. कागदाची बारीक टोकदार काडी फटीत अलगद सरकवायची, ओली झाली की नळीत टाकून बूच लावायचं. रक्त येऊ द्यायचं नाही. माझा हात हलका आहे, आलं नाही. मग मी आरशासमोर उभी राहिले आणि तिसरी काडी माझ्या स्वतःच्या हिरडीत घातली. माझ्या हिरड्या म्हणजे दवाखान्याची जाहिरात. त्या नळीवरही मी आईचंच नाव लिहिलं. तिथेही विषाणू सापडला, की बाईसाहेबांची बोलती बंद.

निकाल घेऊन ती स्वतः आली आणि पेशंटच्या खुर्चीत बसली. खोल पॉकेटमध्ये एपस्टाईन-बार नावाचा विषाणू ढिगाने होता, दुसऱ्या नळीत जेमतेम, तिसऱ्या नळीतही जेमतेम.

"तिसरी माझी होती," मी म्हटलं. "माझ्या हिरड्यांना काही झालंय? मग कसला आलाय तुझा विषाणू?"

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, तो बहुतेक सगळ्यांत असतो, प्रश्न किती आहे हा असतो. तुझ्यात निजलाय, आईच्यात जागा झालाय. वर म्हणाली की उपाय तुझ्याच हातात आहे. जंतू कमी झाले की सूज उतरेल, सूज उतरली की हा विषाणूही पुन्हा निजेल. दात तूच वाचवशील. एवढं ऐकूनही माझं समाधान झालं नाही.

"तुझ्यातही असेलच की," मी म्हटलं.

"नाही. नोकरीला लागताना तपासलं होतं. माझ्यासारखे थोडे असतात." ती खुर्चीचा हात चाचपत होती. "लाळेतून येतो तो, ताई. बहुतेक लहानपणीच, घरात, जे भरवतात त्यांच्याकडून. तुझा आईचाच असेल. तपासणीत तेवढं कळत नाही, पण असेल."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आजाराची वाटणी झाली होती आणि मोठा वाटा मला मिळाला होता.

धाकटीने मान वर केली नाही. "तुला आठवतं का, आई कशी भरवायची?"

मला सगळं आठवत होतं. आई चमचा आधी स्वतःच्या खालच्या ओठाला लावायची, चटका बसत नाही ना बघायची, मग माझ्या तोंडात घालायची. मी तोंड मिटलं की तिचंच तोंड उघडायचं. तिच्या बोटांना साबणाचा वास यायचा.

ती माझ्याकडे बघत थांबली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याकडे काहीतरी मागत होती.

"नाही गं," मी म्हटलं. "इतकं जुनं कुठे आठवतंय."