खिडकीजवळच्या दोन खुर्च्या

शाळेत 'काइंडनेस वीक' होता आणि त्याचं सगळं लोढणं धम्मशीलाच्या गळ्यात पडलं होतं. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या त्या प्रायमरी स्कूलमध्ये ती इयर थ्रीला, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांना, शिकवायची. वर्गात तीस मुलं, बाहेर नोव्हेंबरचा ओला गारठा. मुलांनी आपापल्या चांगल्या कामांची कागदी फुलं करायची, ती शुक्रवारच्या असेंब्लीत पालकांना दाखवायची, असा हेडटीचरचा बेत होता. गुरुवार उजाडेपर्यंत धम्मशीलाचा जीव मेटाकुटीला आला होता. दयाळूपणा शिकवायचा म्हटलं की कामं तिप्पट होतात, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

वर्गात तिच्या मदतीला राजश्रीताई वासनिक होत्या, टीचिंग असिस्टंट. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे. धम्मशीलाच्या आईशी त्यांचा जुना घरोबा. रविवारी बुद्धवंदनेला भेटल्या की तिला 'धम्मा' म्हणायच्या. शाळेत मात्र मुलांसमोर 'मिस' आणि 'मिसेस वासनिक'.

साडेअकराला धम्मशीलाने टेबलाकडे पाहिलं. राजश्रीताईंना कापायला दिलेली फुलं तशीच पडलेली, एकही कापलेलं नाही. राजश्रीताई पुस्तकांच्या कोपऱ्यात जमिनीवर बसल्या होत्या, वर्गातल्या मायकेलाला जवळ घेऊन.

"मिसेस वासनिक, एक काम सांगितलं होतं मी. फक्त एक! तेवढंही होत नाही का तुमच्याकडून?"

आवाज तिला वाटला त्यापेक्षा फारच वर गेला. तीस मुलांनी माना वर केल्या. राजश्रीताई शेल्फला धरून हळूहळू उठल्या, कात्री घेतली आणि कापायला बसल्या.

पुढच्या बाकावरची सोफी नियमांची फार पक्की. तिने हात वर केला.

"मिस, तुम्ही मिसेस वासनिकांवर ओरडलात. आता तुम्ही दोघी खुर्च्यांवर बसणार?"

खिडकीजवळ दोन छोट्या खुर्च्या होत्या. भांडण झालेल्या दोघांनी तिथे समोरासमोर बसायचं आणि तीन गोष्टी बोलायच्या: काय झालं, कुणाला लागलं, आता काय केलं म्हणजे बरं वाटेल. ही पद्धत सप्टेंबरमध्ये धम्मशीलानेच आणली होती.

"नंतर बघू, सोफी," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये राजश्रीताई दिसेनात. त्यांना ग्राउंडवर मुलांवर लक्ष ठेवायला उभं केलं होतं. ते काम करणारी बाई आजारी होती. धम्मशीला डबा तसाच टाकून बाहेर गेली. राजश्रीताई पिवळं जॅकेट घालून भुरभुर पावसात उभ्या होत्या.

"ताई, चुकलं माझं. हा आठवडाच असा गेलाय ना..."

"आठवडा माझाही तसाच गेलाय," राजश्रीताई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तू तीस पोरांसमोर बोललीस. इथे येऊन कानात सॉरी म्हणतेस होय?"

धम्मशीलाला खरं तर थोडा रागच आला. दमलेल्या माणसाला माफी मागणंसुद्धा एक काम वाटतं. ती तशीच आत गेली, आणि दुपारची हजेरी घेईपर्यंत तिने मनाशी ठरवलं.

दुपारी मुलं कार्पेटवर बसल्यावर ती त्या बुटक्या खुर्चीवर जाऊन बसली. गुडघे पार छातीशी आले. राजश्रीताई समोर बसल्या. मुलं हसली नाहीत.

"काय झालं," धम्मशीलाने सुरुवात केली, "मी मिसेस वासनिकांवर ओरडले. का उशीर झाला ते विचारलंच नाही. लागलं त्यांना. सगळ्यांसमोर बोलले म्हणून जास्त लागलं. सॉरी, मिसेस वासनिक." मग तिने तिसरा प्रश्न विचारला. "काय केलं म्हणजे तुम्हाला बरं वाटेल?"

मुलं या प्रश्नाला नेहमी 'मिठी' नाहीतर 'स्टिकर' म्हणायची. राजश्रीताई बोटांवर मोजू लागल्या.

"सकाळी मला दहा मिनिटं हवीत. आज काय काय करायचंय ते बसून सांगायचं. वाटेत हातात कागद कोंबायचे नाहीत. आणि मी कुणाला घेऊन बसले असेन, तर त्याला काहीतरी कारण असेल असं समजायचं."

"चालेल," धम्मशीला म्हणाली. मग मुलांकडे वळून तिने कबूल केलं, "हे मला आधीच कळायला हवं होतं."

उरलेली फुलं सगळ्यांनी मिळून कापली, वाकडीतिकडी. निम्मी राहिली ती राहिलीच.

शाळा सुटल्यावर मायकेलाची आई गेटपाशी आली. डोळे सुजलेले. आजीला पहाटे हॉस्पिटलमध्ये नेलं होतं.

"घरी एक शब्द बोलली नाही ही. इथे ठीक होती का?"

"सकाळी रडत होती, हे मला दुपारी कळलं," धम्मशीला म्हणाली. "माझ्या लक्षातही आलं नाही. मिसेस वासनिकांच्या आलं. त्या तासभर तिच्याजवळ बसल्या होत्या."

आई जाऊन राजश्रीताईंचा हात धरून काहीतरी बोलली. धम्मशीला लांबच उभी राहिली.

चारच्या आतच अंधारून आलं. राजश्रीताई बसस्टॉपकडे निघाल्या तशी धम्मशीलाने गाडीची काच खाली केली.

"ताई, सोडते ना तुम्हाला."

"आज नको गं. राग नाही, पण आज बोलायचं त्राण नाही मला."

"मी नाही बोलणार."

"तू बोलशील," राजश्रीताई म्हणाल्या आणि छत्री उघडून चालू लागल्या.

शुक्रवारच्या असेंब्लीत हेडटीचरने फुलं लावायच्या अर्ध्या रिकाम्या फळ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. धम्मशीलाने काही कारण सांगितलं नाही. सोमवारी आठ वाजून वीस मिनिटांनी दोघी वर्गात बसल्या आणि तिने दिवसाच्या कामांचा कागद वाचून दाखवला. मंगळवारी तिला उशीर झाला, बुधवारी फायर ड्रिल होतं; दोन्ही दिवस ती दहा मिनिटं बुडाली. गुरुवारी राजश्रीताईंनी स्वतःच खुर्ची ओढली.

"वाच," त्या म्हणाल्या. "आणि जरा सावकाश वाच."