वरची टाकी

पाणी आणि वीज हे विषय एकत्र शिकवायचं मी ठरवलं तेव्हा विभागातले सहकारी हसले होते. "पाण्यात वीज कालवताय, शॉक बसेल हो!" तरी पहिल्याच वर्षी एम.टेक.ला पाच जण आले. त्यांतली एक मुलगी दिसेल तो मीटर वाचायची, म्हणून बाकीच्यांनी तिचं नाव 'रीडिंगबाई' ठेवलं.

टेकडीवरच्या वस्तीला पाणी चढवणाऱ्या पंपघरात मीच तिला पाठवलं. तिची मावशी त्याच वस्तीत राहायची, त्यामुळे स्वारी खुशीत होती. चार महिने तिनं तिथल्या ऑपरेटरकाकांच्या शेजारी बसून तासातासाला आकडे टिपले. पंपाचा आवाज एवढा, की दोघं खाणाखुणांनीच बोलायची. अखेर उत्तर निघालं. शहराला पाणी पुरवायला जेवढी वीज लागते, तिचा पाचवा हिस्सा एकटी वरची टाकी खाते. आणि तिथे घरं जेमतेम दोनशे. कारणही तिनं शोधलं होतं. पंप झिजलेला, पाइप गळका. दोन्ही बदलले तर निम्मी वीज वाचेल.

अहवाल आम्ही पाणीपुरवठ्याच्या मुख्य इंजिनिअरांना दिला. पंधरा दिवसांत हुकूम निघाला: वरची टाकी यापुढे चार दिवसांतून एकदाच भरायची.

रीडिंगबाई माझ्या खोलीत आली ती दारातच थबकली. "मॅडम, मी असं लिहिलं नव्हतं."

"माहीत आहे मला. चल."

इंजिनिअरांनी चहा मागवला. "पोरीनं काम झकास केलंय," ते म्हणाले.

"सर, शेवटचं पान," ती म्हणाली. "पंप बदला, असं लिहिलंय मी."

"वाचलं ना. पण नवा पंप वरून मंजूर व्हावा लागतो. माझ्या हातात फक्त बटण बंद करणं आहे. वीज कमी करा म्हणून तेच वरचे माझ्या मानगुटीवर बसलेत."

माणूस खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. भांडायचं तरी कुणाशी?

मी वर तीन पत्रं पाठवली. तिन्हींची पोच आली, उत्तर एकाचंही नाही.

एका रविवारी मी तिच्याबरोबर मावशीकडे गेले. पायऱ्यांवर बायका कॅन घेऊन टप्प्याटप्प्यानं थांबत चढत होत्या. मावशीनं आम्हाला बसवलं, अर्धा अर्धा पेला पाणी दिलं आणि लगेच सुरू झाली, "कुणा शिकलेल्यानं म्हणे हिशेब करून दिला. त्याचं तळपट होवो!"

मी विषय बदलायला तोंड उघडलं, पण ही आधीच बोलली. "मावशी, तो हिशेब माझा."

मावशीनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मग तूच सांग ना बाळा त्यांना."

"सांगितलं."

"मग?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिची शिक्षिका. मी पाण्याचा पेला तसाच मावशीकडे परत सरकवला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. आकड्यांतून थेट निर्णय झाला, असं क्वचित घडतं म्हणाले. ती "थँक यू सर" म्हणाली आणि खाली बसली. पहिली आली. पीएच.डी.साठी मी तिची जागा राखून ठेवली होती, पण अर्जाची मुदत संपली तरी ती फिरकली नाही. तिला फोन करावा म्हणून मी दोनदा नंबर काढला. पण काय सांगून बोलवायचं, तेच सुचेना.