नूरीची सोय

पलीकडच्या आळीतली जहुराबी आपली नूरी मांजर घेऊन आली, तेव्हा सत्यवती सुपाऱ्या सोलत होती. गुडघ्यांमुळे जहुराबीला आता एकटीला राहणं जमेना. मुलगा राहील तिला मुंब्र्याला नेणार होता, पण सुनेला दमा, त्यामुळे मांजर चालणार नव्हती. चार घरांनी आधीच नकार दिला होता.

"राहील म्हणतो, जेट्टीवर सोडू. एका डोळ्याने आंधळी आहे ती, ताई. पंधरा वर्षं माझ्याजवळ आहे."

"उंदीर धरते का?"

"आता नाही. नुसती पडून असते."

सत्यवतीला खरं तर ही ब्याद नकोच होती. पण जहुराबी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत दारातच उभी राहिली. "ठेव," ती म्हणाली.

जहुराबी मुंब्र्याला गेली आणि नूरीने दोन दिवस दुधाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी ती दिसेना. सत्यवतीने वाडी धुंडाळली, तेव्हा ती जहुराबीच्या कुलूपबंद दाराला टेकून ओरडताना सापडली. उचलून आणली, तर संध्याकाळी पुन्हा तिथेच. मग सत्यवती त्या पायरीवरच मासळीचा तुकडा ठेवू लागली. तो मुंग्यांनी खाल्ला. सातव्या दिवशी नूरी मेली.

त्याच दुपारी जहुराबीचा फोन आला. खोटं सत्यवतीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पुढच्या फोनला काय सांगणार?

"नूरी गेली, जहुरा. तुझ्या पायरीवर."

जहुराबीने विचारलं, "ओरडत होती का?"

"होय," सत्यवती म्हणाली. "आवाज होता तोवर."

फोन बंद झाला. त्यानंतर जहुराबीने तिला कधीच फोन केला नाही.