कठड्याची उंची

"इथे फक्त सही करा, ताई. 'ड्राफ्टिंगमधली चूक', एवढंच लिहिलंय," म्हणत साहेबांनी कागद पुढे सरकवला.

कागद वाचता वाचता ताईंची कानशिलं तापली. सव्वीस वर्षं त्या या कचेरीत नकाशे काढत होत्या. आता शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा कठडा एकशे पाच सेंटिमीटरऐवजी नव्वदचा बसला होता, आणि तो दोष त्यांच्या माथी मारायचा होता.

"चूक माझी नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्या इंजिनिअरांनी ऐनवेळी उंची वाढवली, पण नव्वदची रेघ तशीच ठेवून वर नुसता नवा आकडा टाइप केला. फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना टाइप केलेला आकडा गळाला. सॉफ्टवेअरनं रेघ मोजली आणि नव्वद लिहिलं. प्रत्येक नकाशा जुन्या कागदाशी ताडून पाहू द्या, असं मी लेखी दिलं होतं."

"चारशे नकाशे ताडत बसायला वेळ कुठे होता? सॉफ्टवेअर विकणारे म्हणाले होते, एका क्लिकमध्ये सगळं जसंच्या तसं येतं."

"मग त्यांची सही घ्या."

साहेब हसले. "चिडू नका हो. सही केलीत की विषय मिटला. कठडा राहू दे तसाच. पंधरा सेंटिमीटर कोण मोजायला जातंय?"

ताई उठल्या. "मी जाते."

त्या तडक शाळेत गेल्या. सोमवारपासून वर्ग भरणार होते. मुख्याध्यापिकांच्या समोर त्यांनी कठड्याला टेप लावली.

"यावरून तर आमची सातवीची मुलं सहज ओणवतील," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"म्हणूनच आले."

मुख्याध्यापिकांनी गॅलरीला कुलूप लावलं आणि तिथूनच कचेरीत फोन करून साहेबांना चांगलं फैलावर घेतलं. मग फोन ताईंच्या हातात दिला.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

"बरं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन मुख्याध्यापिकांना परत दिला.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतलं. वेल्डर नळ्या घेऊन खोळंबला होता.

"कचेरीतून नुसतं कठडा वाढव म्हणालेत, बाई. नकाशाच दिला नाही."

ताईंनी खडू घेतला. कठड्याशेजारच्या भिंतीवर जमिनीपासून टेपनं मोजून सरळ रेघ ओढली, दोन्ही टोकांना बाण काढले, मधे सुबक अक्षरात एकशे पाचचा आकडा लिहिला. वेल्डर कामाला लागला.

आता त्यांना कोणी थांबायला सांगितलं नव्हतं. तरी शेवटची नळी बसेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.